उशिरा पडलेले पाऊल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय कळवला तो असा : 'पंधराव्या वर्षी नाच शिकायला निघालेली मुले'. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला. विषय लिहून घेताना आपली काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी फार सभ्यपणाने विचारले. चूक नाही, असे आम्ही सांगितले. आज समोर गेटसभेला नेहमी येणारी आमची काही मंडळी बसलेली दिसतात, आणि त्यांच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न आहे. म्हातारपणी यांना हे काय सुचले?

तेव्हा पहिल्यानेच सांगून टाकतो, की आम्ही नृत्याचे जाणकार नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दिवसाचे अर्ज आणि तक्रारी लिहून झाल्यावर. अशा माणसाने नृत्यावर बोलायला उभे राहिले, की लोक 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणणारच. पण या विषयात आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे, आणि नंतर एक गोष्ट थोडीफार बरी झाली आहे. त्या दोन्ही आपल्यापुढे मांडाव्यात, आणि त्यातून निघणारे दोन-चार विचार सांगावेत, इतकाच आजचा हेतू आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनमधल्या एक बाई संध्याकाळी घरी आल्या. त्या एका कारखान्यात पॅकिंगला कंत्राटावर आहेत. बरोबर मुलगी होती, पंधरा वर्षांची, नववी नुकतीच संपलेली, उंचीने आईच्या वर गेलेली. बाई म्हणाल्या, "दादा, हिला तुम्हीच चार शब्द सांगा. माझं ऐकत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणाचं तरी कथक बघितलं, तेव्हापासून क्लास लावा म्हणून मागे लागलीय. आता हे काय वय आहे का?"

आम्ही खुर्ची पुढे ओढली आणि समजुतीच्या गोष्टी सुरू केल्या. व्यवस्थापनाशी वाटाघाटी करताना समोरच्याचे मुद्दे कसे खोडायचे, हे तीस वर्षांत चांगले अंगवळणी पडले आहे. तीच विद्या त्या पोरीवर चालवली. पुढचे वर्ष दहावीचे. क्लासची फी महिन्याला हजार रुपये, म्हणजे आईची तीन दिवसांची हजेरी. शिवाय तिथल्या मुली सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकत असतात. तू त्यांना कधी गाठणार? मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तेवढ्यात आतून आमची मुलगी चहा घेऊन आली. ती माहेरपणाला आली होती. तिने कप ठेवले आणि हळूच म्हणाली, "बाबा, निदान हिला तरी नाही म्हणू नका."

ती एवढेच म्हणाली आणि आत गेली. त्या बाईंना त्यात काही विशेष वाटले नसेल. आम्हाला मात्र तो चहा गिळवेना. कारण आमची मुलगी चौदा वर्षांची असताना तिने हेच मागितले होते, आणि आम्ही हेच मुद्दे, याच क्रमाने, याच गोड आवाजात सांगून तिला गप्प केले होते. त्या वेळी एका कारखान्यात टाळेबंदी होती. घरात पैसा नव्हता हे खरे. पण पुढच्या वर्षी टाळेबंदी उठली, पैसा आला, आणि आम्हाला तिच्या मागणीची आठवणसुद्धा झाली नाही. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. ज्याची मागणी एकदा हसून उडवली तो पुन्हा मागत नाही, हे आम्ही कामगारांच्या बाबतीत साहेबांना शेकडो वेळा ऐकवले आहे. आमच्या घरात तेच घडले होते, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, साहेबाच्या खुर्चीत, आम्ही बसलो होतो.

त्या रात्री आम्हाला स्वतःचेही बालपण आठवले. आम्ही गिरणगावातले. वडील साचेखात्यात होते, गाव रत्नागिरीकडचे. गणपतीत आमच्या चाळीत जाखडी व्हायची; मुंबईकर तिला बाल्यानाच म्हणत. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे बसायचे, भोवती पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचे रिंगण. आम्हाला त्या रिंगणात घेतले तेव्हा बारावे वर्ष सरत आले होते. शिकवणारे कोण, तर पाळी संपवून आलेले कामगार. वय कुणी विचारले नाही. एका बाजूला दहा वर्षांचा पोर, दुसऱ्या बाजूला पन्नाशीचा जॉबर, मध्ये आम्ही. पाय चुकला की मागून एक टपली बसायची आणि रिंगण पुढे सरकायचे. दहा-बारा दिवसांत पाय आपोआप बरोबर पडू लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षीच्या गणपतीत आमची चाळ अर्धी रिकामी होती. नाचणारे गावाला गेलेले, आणि जे उरले त्यांच्या पायात बळ नव्हते. आमची शाळाही त्याच सुमारास सुटली. चाळ खुंटीला लागले ते पुन्हा उतरले नाहीत.

हे सगळे रात्रभर डोक्यात फिरले, आणि सकाळी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. म्हटले, "बाई, काल आम्ही बोललो ते परत घेतो. चला, क्लास बघून येऊ."

श्रोतेहो, आता मुख्य प्रश्नाकडे येतो. चौदा-पंधरा-सोळा हे नाच शिकायला उशिराचे वय आहे काय?

कायद्याच्या भाषेत आमचे डोके लवकर चालते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्या देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यात उमेदवार होण्याचे किमान वय चौदा ठरवले आहे; धोक्याच्या कामाला अठरा. म्हणजे लेथ चालवायला, वेल्डिंगची शेगडी हातात धरायला, हाताने आणि डोळ्याने बारीक काम करायला शिकण्याची सुरुवात चौदाच्या आत करूच नका, असे कायदा म्हणतो. कोणत्याही कारखान्यात सोळा वर्षांच्या पोराला 'तुझे हात आता बसले, तू फिटर होणार नाहीस' असे कुणी सांगत नाही. मग त्याच पोराच्या बहिणीला 'तुझे पाय आता बसले' असे आपण का सांगतो? याचे एक कारण आहे. कारखान्यात आपल्याला कामगार हवा असतो. नाचात मात्र आपल्याला फक्त मोठी कलावतीण दिसते. शिकायचे तर पहिल्या रांगेतले, नाहीतर मुळीच नको, असा आपला हट्ट.

आता मोठ्यांचीच उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. रुक्मिणीदेवी अरुंडेल भरतनाट्यम् शिकू लागल्या त्या तिशीच्या सुमारास. १९३५ साली अड्यारला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्राचा पाया घातला. रशियातला रुडॉल्फ नुरेयेव, १९३८ साली आगगाडीत जन्मलेला गरिबाघरचा पोर, उफा शहरात लोकनृत्य करत वाढला आणि लेनिनग्राडच्या मोठ्या नृत्यशाळेत १९५५ साली शिरला, वय सतरा. तीन वर्षांत शिक्षण पुरे करून तो तिथल्या किरॉव्ह मंडळीत गेला आणि पुढे जगभर गाजला. अमेरिकेतली मिस्टी कोपलँड. घरची अत्यंत ओढगस्तीची, तेराव्या वर्षी पहिल्यांदा बॅलेच्या वर्गात उभी राहिली; २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली, त्या मंडळीत हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

पण ही नावे आम्ही सावधपणे घेतो. अशी उदाहरणे देऊन लेकरांना झुलवत ठेवणे हे लॉटरीच्या जाहिरातीसारखे आहे. त्या तिघांच्या मागे कष्ट होते, असामान्य देहबुद्धी होती, आणि योग्य वेळी योग्य शिक्षक भेटण्याचे नशीब होते. आमच्या पोरीजवळ यातले काय आहे, हे त्या दिवशी आम्हाला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते जाणून घेण्याची गरजही नव्हती. तिला शिकायचे होते, एवढे पुरेसे होते.

पहिला क्लास आम्ही पाहिला तिथे बाईंनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितले आणि म्हणाल्या, "या वयात आम्ही घेत नाही." दुसऱ्या ठिकाणी घेतले, पण तीन महिन्यांत टीव्हीवर नेण्याची भाषा ऐकली आणि आम्हीच उठलो. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क गुरुजी होत्या. त्या म्हणाल्या, "येऊ दे. पण ही लहान मुलींच्या वर्गात उभी राहील. चालेल का तिला, ते तिला विचारा, तुम्हाला नको."

पहिल्या रविवारी आम्ही आणि मुलीची आई दाराशी बसलो होतो. रविवार म्हटला की आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी माणसाने नुसते झोपून काढावी एवढ्यासाठी मागितली नव्हती. ती माणसाने माणूस म्हणून जगावे यासाठी होती. त्या रविवारी एका कंत्राटी कामगारणीची मुलगी नाच शिकायला उभी होती. लोखंड्यांना ते आवडले असते, असे आम्हाला वाटते.

पण दृश्य सुखाचे नव्हते. सात-आठ वर्षांच्या दहा-बारा मुली, आणि मागे ही उंच पोर, ओढणी कमरेला घट्ट बांधून, खांदे आत ओढून आपली उंची कमी करू पाहणारी. गुरुजींनी तत्कार सांगितला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. ऐकायला सोपा. पहिल्या चार मात्रांना उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांना डावा, उजवा, डावा, उजवा. खोच अशी, की चौथ्या मात्रेला डावा पडतो आणि पाचवीलाही डावाच. आणि आठवा उजवा पडून परत पहिल्यावर आले की पुन्हा उजवाच. चालणारे माणूस कधी एकच पाय दोनदा टाकत नाही, म्हणून शरीर तिथे फसते. लहान मुली फसल्या की खिदळत होत्या. ही फसली की लाल होत होती. एक चिमुरडी मागे वळून तिला म्हणाली, "ताई, डावा!" आमच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. आईने आमच्याकडे बघितले. आम्ही जमिनीकडे बघितले.

तास संपल्यावर गुरुजींनी तिला जवळ बोलावले आणि जे सांगितले ते आम्ही कान देऊन ऐकले. त्या म्हणाल्या, "त्या मुली पायाने शिकतात, तू डोक्याने शिकशील. त्यांना सोळा मात्रा मोजता येत नाहीत, तुला येतात. त्या मी सांगते म्हणून करतात, तुला का ते कळेल. म्हणून तू पहिल्या वर्षात त्यांच्या पुढे जाशील. मग एक दिवस अडशील, कारण अंग डोक्याइतके भरभर चालत नाही. तेव्हा सोडून जाऊ नकोस. आणि हे वय वाढीचे आहे. टाच किंवा गुडघा दुखला तर लपवू नकोस, त्या दिवशी बसून बोल पढ."

बंधूंनो, कोणत्याही उमेदवाराला कोणत्याही फोरमनने याहून चांगला धडा दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आणि तो शब्दशः खरा ठरला. सहा महिन्यांत ती ठाय आणि दुगुन स्वच्छ करू लागली. चौगुन लागली आणि अडली. पाय जड, आवाज पुसट. दोन महिने जागची हलली नाही. मग दहावीची परीक्षा आली, तीन महिने क्लास बंद. आम्हाला वाटले, संपले. पण निकालानंतरच्या पहिल्या रविवारी ती आपण होऊन गेली. त्या वेळेपर्यंत घुंगरू तिच्या पायात आले नव्हते. आधी पाय बोलू दे, मग घुंगरू, असा गुरुजींचा नेम.

इथे आमच्या जाखडीची आणि क्लासची तुलना मनात येते. रिंगणात नवखा माणूस जाणत्यांच्या मध्ये लपतो, दोन्ही बाजूंनी त्याला आधार असतो, आणि शिकता शिकता तो कधी जाणता झाला हे कुणाला कळत नाही. क्लासात इयत्ता असतात. तिथे उशिरा आलेला उघडा पडतो. म्हणजे लाज ही कलेत नाही, ती मांडणीत आहे. आणि मांडणी माणसाने केलेली असते. ती बदलता येते. पुढे गुरुजींनीच मोठ्या नवशिक्यांची वेगळी तुकडी काढली. आज तिच्यात दोन कॉलेजचे मुलगे आहेत आणि एक चाळिशीच्या परिचारिका आहेत.

आता एक अवघड गोष्ट. ती वगळली तर हे बोलणे खोटे ठरेल. मुलीच्या आईला अडचण वयाची नव्हती, फीचीही नव्हती. ते खरे कारण त्यांनी चार महिन्यांनी सांगितले. त्यांची मावशी ऐन उमेदीत तमाशाच्या फडावर होती. लग्नकार्यात तिला बोलावत नसत. घरात तिचे नाव निघाले की दार लोटून घेत. "दादा, आमच्याकडं नाचणारी हा शब्द शिवी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोठ्या घरच्या मुली नाचल्या तर कला. आमची नाचली तर?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण इतिहास त्या बाईंच्या बाजूने आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला. ती मंडळी पिढीजात नट्टुवनार. नाचत होत्या त्या देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया. १९३४ साली मुंबई इलाख्यात आणि १९४७ साली मद्रासेत देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. ते व्हायलाच हवे होते, त्या प्रथेने स्त्रियांचे फार हाल केले. पण त्याच काळात विद्या मात्र प्रतिष्ठितांच्या घरी गेली आणि ज्यांनी ती सांभाळली त्या बायका दाराबाहेर राहिल्या. रुक्मिणीदेवी शिकल्या त्या अशाच पिढीजात गुरूंकडे. आपल्याकडे १९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली, आणि मध्यमवर्गातल्या मुलींना कथकची वाट मोकळी झाली. हे मोठे काम झाले, त्याबद्दल आदर आहे. पण फडावरच्या बाईला मिळाली ती टाळी आणि शिट्टी. मान मिळायला तिचे आयुष्य सरावे लागले. हा हिशेब अजून चुकता झालेला नाही. म्हणून त्या बाईंची मुलगी क्लासला जाते, तेव्हा ती नुसती नाच शिकत नाही. आपल्या घरातली एक वस्तू ती परत आणते आहे, असे आम्ही समजतो.

आता आमच्या मागण्या. मागण्यांशिवाय आमचे भाषण संपत नाही, हे आमच्या मंडळींना ठाऊक आहे.

पहिली मागणी शिक्षकांकडे. बारा वर्षांवरच्या नवशिक्यांची वेगळी तुकडी ठेवा. फी, परीक्षेचा खर्च, पोशाख, घुंगरू, सगळा आकडा पहिल्या दिवशी लिहून द्या. पोशाखाचा खर्च आयत्या वेळी अंगावर येतो आणि गरिबाची मुलगी कार्यक्रमाच्या तोंडावर आजारी पडते. तो आजार कसला हे आपण ओळखा. आणि सिमेंटच्या उघड्या फरशीवर वाढत्या वयाच्या मुलांना तास-तास पाय आपटायला लावू नका.

दुसरी मागणी सार्वजनिक संस्थांकडे. महाराष्ट्रात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याणाची व्यवस्था झाली, केंद्रे उभी राहिली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. ही मोठी मिळकत आहे. नगरपालिकांच्या शाळा रविवारी कुलपात असतात. त्या खोल्या आणि ती सभागृहे अशा तुकड्यांना नाममात्र भाड्याने द्या.

तिसरी मागणी आईबापांकडे, आणि ती करण्याचा अधिकार आम्हाला फक्त चूक केल्यामुळे मिळाला आहे. मूल चौदाव्या-पंधराव्या वर्षी काही शिकू म्हणाले, तर दोन वर्षे 'याचा उपयोग काय' हा प्रश्न विचारू नका. परवडत नसेल तर परवडत नाही असे खरे सांगा. मुलांना गरिबी कळते. पण पैशाचे कारण वयाच्या आड लपवू नका. 'आता उशीर झाला' हे वाक्य मूल खरे धरते, आणि मग आयुष्यभर प्रत्येक दारापाशी तेच वाक्य स्वतःला ऐकवते.

आणि मुलांना एवढेच, की रोज अर्धा तास पुरे, पण रोज. रविवारी तीन तास घाम गाळून सहा दिवस बसलात तर सोमवारी फक्त पाय दुखतील.

गेल्या १ मे ला आमच्या युनियनच्या कार्यक्रमात त्या मुलीने तीनतालात दहा मिनिटे नृत्य केले. आता ती अठरा वर्षे पुरी करून एकोणिसाव्यात आहे. संगतीला तबला, लेहऱ्याला पेटी. एका तिहाईत ती समेच्या अर्धी मात्रा आधी येऊन थांबली. आम्हाला कळले नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळले. तिने क्षणभर श्वास घेतला, हात जोडून तबलजीकडे पाहिले, तीच तिहाई पुन्हा घेतली, आणि बरोबर समेवर आली. समोर हजार-बाराशे कामगार होते. टाळी पडली ती दुसऱ्या खेपेला.

मागच्या रांगेत मुलीची आई बसली होती, आणि तिच्या शेजारी नऊवारीतली एक म्हातारी. तीच ती मावशी. भाचीनेच तिला गावाहून आणले होते, बऱ्याच वर्षांनी. कार्यक्रम संपल्यावर आम्ही जाऊन नमस्कार केला आणि विचारले, "मावशी, कसं वाटलं?" म्हातारीने थोडा विचार केला. "पाय बरा पडतो," ती म्हणाली. "मान अजून ताठ आहे. उतरंल."

आमची मुलगीही त्या दिवशी आली होती. घरी जाताना आम्ही तिला विचारले, की मोठ्यांच्या तुकडीत अजून जागा आहे, तू येतेस का? ती हसली, काही बोलली नाही. पण गेल्या महिन्यात तिने आम्हाला क्लासचा पत्ता विचारला आहे. त्यापुढचे काही आम्हाला सांगता येत नाही. आम्ही पत्ता लिहून दिला आहे.